अंगणातला डोंगा

चांद्याच्या परकोटाला लागून, भिवाळा तलावाच्या काठी ढीवरपुरा म्हणून मासे धरणाऱ्या ढीवरांची दहाबारा घरांची वस्ती होती. तिथला इस्तारी म्हणजे पाण्यातला राजा माणूस. जमिनीवर मात्र त्याचं काही खरं नव्हतं बरं का! बाजारात भाजीवालीनंसुद्धा त्याला हातोहात फसवावं, सोयऱ्यांत कोणी रुसलं तर का रुसलं हे त्याला महिन्याभरानं कळावं, असा सगळा प्रकार. पण एकदा डोंग्यावर उभा राहिला की बघत राहावं. नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगायचा, इथं मरळ बसली आहे, तिथं नुसता गाळ आहे. त्याच्या बापानं एका अखंड खोडातून कोरलेला तो लांबलचक डोंगा कमळाच्या वेलांतून असा काढायचा की पानावरचा बेडूक जागचा हलत नसे. कसं जमते रे तुले, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "नाक घुसलं का आंग घुसतेच. पाणी सरकते ना बाजूले."

त्या दिवसांत ढीवरपुऱ्यात कोणी श्रीमंत नव्हतं, आणि आपण गरीब आहोत हेही कोणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या चुली तलावावर. जाळं भरलं त्या दिवशी साऱ्या घरांतून एकच वास यायचा, रिकामं आलं त्या दिवशी साऱ्या घरांत आंबील. घरं एकमेकांपासून ऐसपैस लांब, मधे चिंचा, वाळत टाकलेली जाळी, आणि प्रत्येकाचं अंगण थेट पाण्यात उतरलेलं. संध्याकाळी डोंगा अंगणात ओढायचा, सकाळी ढकलला की पाणी.

मग खाणी वाढल्या. तिकडे बल्लारशाला कागदाची गिरणी निघाली. आणि माणसं यायला लागली. किती माणसं, बाप्पा! कोणी एटापल्लीच्या जंगलातून, कोणी सिरोंच्याकडून तेलुगू बोलत, कोणी छत्तीसगडातून, नागभीडकडचे धान कापणारे तर गाडी भरून. डोक्यावर पेटी, काखेत पोर. शहरातल्या घरांची भाडी ऐकून त्यांचे डोळे पांढरे व्हायचे, मग फिरत फिरत ती तलावाच्या काठी येत आणि विचारत, "बाई, एखादी खोली भेटन का?"

पहिली खोली काढली रामाजीनं. इस्तारीचा शेजारी, भारी चलाख गडी. त्यानं म्हैस विकली, गोठ्याला कुडाची भिंत घातली आणि दोन खाणवाले आत बसवले. "रामाजीनं म्हशीच्या दाव्याले माणसं बांधली!" म्हणून अख्खी वस्ती हसली. पण खाणवाल्याचा हप्त्याचा पगार शनिवारी व्हायचा म्हणजे व्हायचा, मग पाऊस पडो, नाहीतर तलाव आटो. वर्षभरात रामाजीच्या छपरावर नवी कवेलू चढली. मग भिंतीवर घड्याळ आलं. मग ओसरीत सायकल आली, जी त्या शहाण्याला चालवताही येत नव्हती. हसणाऱ्यांची तोंडं मिटली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ढीवरपुऱ्यात ज्याच्या त्याच्या दारात माती कालवली जात होती.

इस्तारी तेवढा कोरडा राहिला. "आपुन ढीवर होवो, सराय चालवणारे नोहो," असं तो बायकोला, कुंताला, सांगायचा. कुंता ऐकून घ्यायची आणि शेजारच्या नव्या कवेलूंकडे बघायची.

त्रेपन्न साली मोहर्लीच्या वाटेवर वादळात एक जुना आंबा पडला. झाडाच्या मालकाच्या घरी लग्न होतं. इस्तारीनं लग्नाला मासोळी पुरवली आणि बदल्यात खोड मिळवलं. बापाचा डोंगा आता म्हातारा झाला होता, डांबर थापून थापून त्याला जगवायचं किती? दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून ते खोड आणलं, तलावाच्या बाजूनं सरळ अंगणात घेतलं आणि सावलीत, तणसाखाली झाकून ठेवलं. ओलं लाकूड घाईनं कोरलं तर पाण्यात फाटतं. दोन पावसाळे तरी त्याला पडून राहू द्यावं लागतं, आणि एकदा जागेवर टेकवलं की कोरून होईस्तोवर हलवायचं नाही, अशी ढीवरांची रीत. डोंगा घरच्या अंगणात वाढतो, तिथंच त्याला हळद लागते आणि मग लेकीसारखा तो पाण्याच्या घरी जातो. खोड पडलं तेव्हा इस्तारीच्या अंगणाला चारही बाजू मोकळ्या होत्या.

एका पावसाळ्यात एक बाजू गेली. रामाजीनं तिसरी खोली काढली ती अगदी इस्तारीच्या कुंपणाला चिकटून. दुसऱ्या पावसाळ्यात पलीकडच्यानं काढली. मागच्या बाजूला कोण कुठला ठेकेदार आला आणि त्यानं लांबलचक चाळच ठोकली. सकाळी इस्तारी दात घासत अंगणात उभा राहिला की तीन बाजूंनी अनोळखी माणसं खोकत. कोणाच्या चुलीचा धूर याच्या घरात, कोणाचं खरकटं पाणी याच्या दारात. आणि तलावाची तर दशाच झाली. एवढ्या माणसांचे कपडे, एवढ्या माणसांचा साबण, खाणीतून आलेल्यांच्या अंगाची काळी धूळ, सगळं त्या एका पाण्यात. मरळ खोल दडली. रोहू बोटाएवढे निघू लागले. इस्तारीला रात्रंदिवस वाटायचं की कोणीतरी आपल्या छातीवर वीट वीट ठेवतो आहे.

त्यात वाट्याचा घोळ. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारात जमा झाला होता आणि ढीवर मिळून त्याचा ठेका घेत होते. वस्ती फुगली तसे वाटेकरीही फुगले. कोणाचा जावई गावाहून येऊन बसला, कोणाचा मावसभाऊ. भाडेकरू गळ टाकून म्हणायचे, आमीबी इथलेच आवो. शेवटी वारलू बुढा, जो ढीवरांत सगळ्यांत वडील होता, त्यानं चिंचेखाली सगळ्यांना बसवलं आणि नियम घातला. पोळा सरून, गावची रोगराई घेऊन जाणारी मारबत निघाली की दुसऱ्या दिवशी वर्षातलं पहिलं जाळं पडतं. त्या दिवशी ज्याच्या घरचा स्वतःचा डोंगा पाण्यात असेल, त्याचाच तलावात वाटा. नसेल त्याचा वाटा बाकीच्यांत मुरला, पुन्हा मागायचा नाही. बाहेरचे डोंगा आणणार कुठून? सगळ्यांना नियम पटला. सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो इस्तारी. "बराबर हाये! डोंगा नाई तो ढीवर नाई!"

पंचावन्नच्या उन्हाळ्यात कुंतानं तोंड उघडलं. तिचं बोलणं कमी, पण एकदा बोलली की माणसाला पळायला जागा ठेवायची नाही.

"तुमच्या तलावानं या साली काय देल्लं आपल्याले?"

"देईन ना. एखांदं साल असते तसं."

"तीन सालं झाले एखांदं साल होऊन राह्यलं. रामाजीच्या बायकोनं पाटल्या केल्या. मी तिच्या घरून मीठ मांगून आणतो. मले लाज वाटते."

खोली काढायला जागा उरली होती फक्त तलावाच्या बाजूला. इस्तारीनं दोन दिवस विचार केला. अंगणातून बाहेर जायला रामाजीच्या घरावरून एक बोळ उरली होती, पुढे वळून घाटावर उतरणारी. त्यानं बोळीच्या तोंडाशी वेळू आडवा धरून पाहिला. खोडाच्या रुंदीपेक्षा बोळ हातभर जास्त निघाली. मग काय पाहिजे? नाक घुसतं आहे ना, झालं तर! असा विचार करून या राजानं स्वतःच्या हातानं माती कालवली, कूड विणला आणि तलावाकडची बाजू बंद केली. ज्याला पाण्यातली प्रत्येक वाट ठाऊक, त्यानं जमिनीवरची वाट पाण्याच्या हिशेबानं मोजली. ही चूक करायला ढीवरच पाहिजे, दुसऱ्याच्या बापाला जमली नसती.

खोलीत मुखरू आणि सोमारी आले, नागभीडकडचं तरुण जोडपं. मुखरू खाणीत. माणसं सोन्यासारखी. भाडं शनिवारी न मागता यायचं. त्या वर्षी कुंताच्या घरी मीठ सरलं नाही, आणि ती किती दिवसांनी हसायला लागली हे इस्तारीलाही दिसलं. बरं वाटलं त्याला. आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

छप्पनच्या चैत्रात बापाचा डोंगा भर तलावात उभा फाटला आणि बुडाला. इस्तारी पोहत बाहेर आला, ओल्या अंगानं घरी गेला आणि तणस बाजूला सारून खोडावर वाकस चालवायला लागला. खोड वाळून खणखणीत झालं होतं. सगळा उन्हाळा तो कोरत राहिला. पाळी सुटली की मुखरू काळ्या तोंडानं यायचा, छिलपं उचलायचा, म्हणायचा, "भाऊ, आमच्या गावच्या तलावातबी असेच डोंगे हायेत." इस्तारीचं त्याच्यावर फार मन बसलं. श्रावणात डोंगा पुरा झाला. आतून बाहेरून तेल पाजलं. कुंतानं हळदकुंकू लावलं आणि सोमारीनं, पोट सांभाळत, ओवाळलं. हात फिरवला तर कुठं कुसळ लागायचं नाही असा डोंगा! वारलू बुढा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "तुह्या बापाच्यापेक्षा सरस केलास रे."

पोळ्याला आठवडा होता. इस्तारीनं चारसहा गडी गोळा केले, डोंग्याखाली ओंडके घातले आणि "हो जाऊ दे!" म्हणत बोळीकडे लोटला. नाक घुसलं. अर्धं अंग घुसलं. सगळे ओरडले. आणि वळणावर, रामाजीच्या तिसऱ्या खोलीच्या कोपऱ्याला, नाक जाऊन टेकलं. मागं घेतला, तिरका केला, पुन्हा लोटला. शेपटी इकडच्या भिंतीला, नाक तिकडच्या भिंतीला. डोंगा ना पुढं ना मागं. पाण्यात नाक वळलं की शेपटी आपोआप फिरते, पाणी तिला जागा देतं. भिंत कशाला देते?

चाळीतली पोरंबाळं तमाशा बघायला जमली. कोणी म्हणे शेपटी कापा, कोणी म्हणे नाक कापा. "डोंगा कापला का तो डोंगा राह्यते का बे? गुरांची डोणी होते ती!" इस्तारी त्यांच्या अंगावर धावून गेला. एवढा रागावलेला त्याला कोणी कधी पाहिला नव्हता.

तो रामाजीकडे गेला. म्हणाला, "भाऊ, तेवढा कोपरा पाडू दे. मी पुन्हा बांधून देतो."

"अंदर भाडेकरू हाये माझा. पावसात त्याले कुठी ठेवू?" रामाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "आन् माझी भित काऊन पाडतोस इस्तारी? सरळ वाट तर तुह्याच खोलीतून हाये."

खरं होतं ते. इस्तारी परत आला, आणि गड्यांनी मागं रेटून डोंगा कसाबसा अंगणात घेतला.

मुखरूनं युक्ती काढली. खाणीतले पंधरावीस गडी आणू आणि डोंगा खोलीच्या छपरावरून उचलून पलीकडे तलावाकडे उतरवू. गडी आलेही. वजन दोन म्हशींचं, पाऊस झडीचा, कुडाच्या भिंती भिजून ढेपाळलेल्या. पहिल्याच खांद्यांनी तोल घेतला तशी कवेलू कडाकडा फुटली आणि आतून बायका किंचाळल्या. डोंगा पुन्हा अंगणात टेकवला. गडी मान खाली घालून आपापल्या पाळीला गेले. आणि पोळ्याच्या दिवशीच सोमारीला कळा लागल्या आणि त्या खोलीत मुलगी झाली.

आता काय? मारबत उद्या, परवा जाळं. रस्ता एकच, आणि त्या रस्त्यात बाळंतीण. झडी थांबायचं नाव नाही, आणि एकदा पाडलेली कुडाची भिंत झडीत पुन्हा उभी राहत नाही. बापाचा वाटा, आज्याचा वाटा, या तलावाच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या उभं राहिलेलं घर, ते सगळं परवा सकाळी बाकीच्यांत मुरणार होतं, आणि मधे काय होतं तर इस्तारीनं स्वतः लिंपलेली हातभर माती. तो अंगणात फिरत राहिला. चार पावलं गेला की भिंत, वळून चार पावलं गेला की भिंत. ही आपलीच जागा आहे असं त्याला वाटेना.

मारबतीच्या दिवशी, गल्लीतली पोरं "घेऊन जा गे मारबत" ओरडत गेली तेव्हा त्यानं पहार उचलली. मुखरू खोलीच्या दारात उभा होता. त्यानं पहार पाहिली.

"भाऊ, पाडा तुमी," मुखरू म्हणाला. "तुमचा वाटा जाऊन राह्यला, मले समजते. आमी तुमच्या ओसरीत बसून राहू."

"ओसरीत पावसाचा मारा हाये सगळा," कुंता मागून म्हणाली. ती इस्तारीकडे आली. पहारीला तिनं हात लावला नाही. "पाडाचं तर पाडा. मी आडवी येत नाई. पन एक सांगतो. या खोलीनं आपल्याले सालभर जगवलं, तलावानं नाई. भित पाडली का हे लोक जाईन. मंग परत मी मीठ मांगाले जाऊ?"

इस्तारीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर हात उठला नसता. त्यानं दात आवळून एक घाव घातला. ओली माती, घाव आत गेला. एक मोठं ढेकूळ आतल्या बाजूला कोसळलं. खोलीत कोणी ओरडलं नाही. तेच त्याला सहन झालं नाही. त्यानं भगदाडातून आत पाहिलं. सोमारी बाजेवर उठून बसली होती, पाठ भिंतीकडे करून, पोर पोटाशी घेऊन वाकलेली. तिच्या पाठीवर, केसांत माती. पुढचा घाव यायचा म्हणून ती तशीच थांबली होती. ना रडली, ना मागं पाहिलं.

इस्तारीनं पहार टाकली. चिखल कालवला आणि अंधार पडायच्या आत ते भोक त्यानं बुजवून टाकलं. लिंपताना तो ढसाढसा रडत होता, आणि पाऊस होता म्हणून कोणाला दिसत नाही असं त्याला वाटत होतं. सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिलं जाळं पडलं. इस्तारी घरातून निघाला नाही. त्याला घरातही बसवेना. तो अंगणात गेला आणि डोंग्यात जाऊन बसला. डोंग्यात घोटाभर पावसाचं पाणी साचलं होतं, त्यात पाय सोडून बसला. तलाव दिसत नव्हता, पण भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. वारलू बुढ्याची हाक, डोंग्यांवर ठोकलेल्या वेळूंचा आवाज, जाळं आवळताना सगळ्यांची एका सुरातली ओढ. आता मधल्या खड्ड्यावर आले. आता कमळाकडे वळले. जाळं जड आहे, हे त्यांच्या दमावरून त्याला कळलं. कित्येक सालांत असं भरलं नव्हतं. त्याच्या हातांनी आपसूक डोंग्याचे काठ घट्ट धरले. मग पलीकडून मोठा गलका उठला, आणि त्यानं काठ सोडून दिले.

दुपार कलली तेव्हा वारलू बुढा स्वतः बोळीतून चालत आला. त्याच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेला पुडा होता. पहिल्या जाळ्याची मासोळी पानात बांधून अशी घरोघर द्यायची रीत आहे. न्हाव्याकडं, धोब्याकडं, शाळामास्तराकडं. ज्यांचं पाण्यावर काही नाही त्यांच्याकडं. लहानपणापासून इस्तारीनं असे कितीतरी पुडे लोकांच्या दारात पोचवले होते. त्याच्या दारात पुडा यायची ही पहिलीच वेळ.

बुढ्यानं पुडा पुढं केला. नुसता म्हणाला, "घे रे बा."

इस्तारी डोंग्यातून उठला. घेणारे घेतात तसा त्यानं पुडा दोन्ही हातांत घेतला, आणि घेणारे म्हणतात तेच त्याच्या तोंडून निघालं, "लई झाली, भाऊ." बुढा वळला आणि भिंतीचा आधार घेत गेला.

चुलीपुढून कुंतानं विचारलं, "अजी, वास येऊन राह्यला. कोनाकडून आली मासोळी?"

इस्तारीनं पुडा उंबऱ्यावर ठेवला.

"तलाववाल्यांकडून," तो म्हणाला.